समुद्रासाठी एक तांब्या

समुद्राला ताप आलाय असं गेणूबाबांना सांगणारा मूर्ख मीच. तीस वर्षं मास्तरकी केली, अवघड ते सोपं करून सांगायची खोड लागली, आणि ती एका म्हाताऱ्याला भोवली.

आंबेगावच्या पश्चिमेला, डोंगरात त्यांची वाडी. मी तिथल्या शाळेवर, मूळचा खाली निरगुडसरचा. बाबांच्या घरची हिरड्याची बारा झाडं होती. भात पोटापुरता पिकायचा. तेलमिठापासून औषधपाण्यापर्यंत बाकी सगळं हिरड्यावर. उन्हाळ्यात झाडावर चढून कोवळं फळ पाडायचं, वाळवायचं, विकायचं. भावाभावांत जमिनीसारखी झाडांचीही वाटणी व्हायची आणि प्रत्येक झाडाला नाव असायचं. सगळ्यात थोरलं झाड म्हणजे आजीचा हिरडा.

२०२०च्या जूनमध्ये निसर्ग वादळ कोकणात शिरलं आणि घाट चढून आमच्यापर्यंत आलं. दुपारभर झाडं मोडल्याचे आवाज येत राहिले. बारातली अकरा मुळासकट आडवी झाली, उरला तो आजीचा हिरडा. बाबांची बायको सोनीबाई त्याच्या बुंध्याला टेकून म्हणाली, "ह्यो बी गेला तर इथं ऱ्हायाचं कशावर? पेठला उज्ज्वलाच्या दारात जाऊन पडावं लागंल." उज्ज्वला त्यांची लेक. जावयाच्या घरी दिवस काढायचे, या नुसत्या बोलण्यानंच बाबांचा चेहरा उतरला.

"मास्तर, माझ्या बापाच्या जन्मात असलं वादळ नाय आलं," ते मला म्हणाले. "आत्ताच का?"

मी सांगायला लागलो. कारखाने, गाड्या, विजेसाठी जाळलेला कोळसा यांच्या धुरानं हवा तापते. त्यातली बरीचशी उष्णता समुद्र पोटात घेतो आणि तापलेल्या पाण्यावर वादळ पोसतं. आपल्याकडच्या समुद्रात पूर्वी एवढी जबर वादळं क्वचित उठायची, आता वरचेवर उठतात. बाबा नुसते बघत होते. म्हणून शेवटी म्हणालो, "समुद्राला ताप आलाय असं समजा."

"असं व्हय," बाबा म्हणाले. ते मात्र त्यांना लगेच पटलं.

वाडीत कुणाचा ताप उतरेना की कळमजाई देवीच्या झऱ्याचं पाणी आणतात. झऱ्यावर तांब्या भरला की रोग्याच्या पायावर ओतेपर्यंत तो खाली टेकवायचा नाही. टेकला की पाण्याचा गुण गेला. जानेवारीत एका सकाळी बाबा भरलेला तांब्या घेऊन माझ्या दारात उभे. "मला समुद्राकडं न्या."

मी हसलो, मग चिडलो, मग पुन्हा धूर आणि कोळसा सांगितला. बाबा म्हणाले, "मग दुसरं काय करू ते सांगा, त्ये करतो." मी गाडी काढली. समुद्राचा ताप उतरवायला आम्ही वाटभर धूर सोडत निघालो, हे मला कळत होतं.

अलिबागला त्यांनी जन्मात पहिल्यांदा समुद्र पाहिला. वाकून पाण्यात हात घातला. "वरनं गारच लागतंय," म्हणाले. "आतला ताप असंल." मग तांब्या ओतला आणि तापल्या पोराच्या कपाळावर फिरवावा तसा पाण्यावरून हात फिरवला. मला आजूबाजूच्या लोकांची लाज वाटत होती. त्या लाजेची आता लाज वाटते.

मे महिन्यात आजीचा हिरडा फळांनी लगडला आणि तौक्ते वादळाची बातमी आली. ते किनाऱ्याकिनाऱ्यानं गुजरातकडे चाललं होतं. बाबा निर्धास्त होते. "आता त्याच्यात जोर नसंल," असं वाडीभर सांगत होते. पण डोंगरात वारा भरला आणि दुपारी आजीचा हिरडा फळांसकट कोसळला.

दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा सोनीबाई गाठोडं बांधत होती. बाबा पडलेल्या झाडावर बसले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मास्तर, समुद्राकडं जाताना घाटात तुमी च्या आणाया गेला व्हता. हाताला लई पेटके आले. मी तांब्या दगडावर टेकवला. घडीभरच. तुमाला बोललो नाय." मग म्हणाले, "माझ्यामुळं झालं."

"बाबा, तुमच्यामुळं नाही हो!" मी ओरडलोच. ज्यांनी धूर केला त्यांच्यातला एकही जण आजवर अशी कबुली द्यायला आलेला नाही. आणि हा माणूस, ज्यानं जन्मात चुलीशिवाय काही पेटवलं नाही, माझ्यापुढे मान खाली घालून बसला होता. मी नाना परीनं समजावलं. ते नाही नाही म्हणत मान हलवत राहिले.

संध्याकाळच्या आत दोघांना पेठला सोडायला निघालो. गाठोडं मागं टाकलं. तांब्या मात्र बाबांनी हातात धरला होता. तो रिकामा होता. तरी पेठ येईपर्यंत त्यांनी तो एकदाही खाली टेकवला नाही.