सर्व्हेअर गोविंदराव हरवले आहेत

रामनगरच्या बसस्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे, आणि मित्र संतोषचा अणशीच्या वाटेवर होमस्टे. शहरातल्या पाहुण्यांसाठी आम्ही दोघांनी एक खेळ काढला. तेव्हापासून किस्से इतके साठलेत की एक सांगायला घ्यावा तर दुसरा मध्येच घुसतो.

खेळ असा: गोविंदराव नावाचे सर्व्हेअर जंगलाची मोजणी करायला आले आणि गायब झाले. त्यांना शोधायचं. गोविंदराव तेवढे बनावट; बाजार, बस, माणसं सगळी खरी. काही क्लू मोबाईलवर येतात, काही गावात दडवलेले. नियम एकच, हा खेळ आहे असं कुणी कबूल करायचं नाही. पाहुण्यांनी खोदून विचारलं तरी "कसला खेळ?" म्हणायचं.

*

पहिला घोळ बसमध्ये झाला. हुबळीच्या एका जोडप्यानं कंडक्टरला विचारलं, "गोविंदराव सर्व्हेअर कुठं उतरले?"

कंडक्टरचा खेळाशी काही संबंध नव्हता. पण विचारणाऱ्याला नाही म्हणणं त्याच्या जिवावर येतं. "गोविंदराव व्हय? उळवीला उतरले की."

क्लू रामनगरात, जोडपं उळवीला! देवदर्शन करून दोघं खुशीत परत आली. म्हणाली, "तिथल्या नारळवाल्यानंही पाहिलंय त्यांना."

जो माणूस जन्मलाच नाही तो इतक्या लोकांना कसा काय भेटतो, याचं मला अजून नवल वाटतं.

*

चहावाल्या शांताक्काला आम्ही एकच वाक्य दिलं होतं: "साहेब शेवटचा चहा हितंच प्याले."

महिन्याभरात अक्काच्या सांगण्यात साहेबांचं खानापूरच्या एका बाईशी प्रकरण सुरू झालं. संतोषनं हात जोडले, "अक्का, असलं काही आपल्या गोष्टीत न्हाई."

अक्का कप विसळत म्हणाली, "मग त्यो पळाला कशाला?"

आम्ही गोष्ट बदलली.

*

एकदा रस्त्याच्या मोजणीला खरेच सर्व्हेअर आले. बेळगावची चार पोरं त्यांच्या मागं लागली. दिवसभर त्यांच्या दुर्बिणीची तिकाटणी उचलली, मोजणीची साखळी ओढली, झुडपं तोडली. साहेबांनी मध्ये मध्ये सांगितलं की मी गोविंदराव नाही. पोरं एकमेकांकडं बघून हसायची.

संध्याकाळी साहेबांनी विचारलं, "उद्या किती वाजता येताय?"

*

आणि पार्वतीमावशी.

मावशी जवळच्याच खेड्यातल्या. त्यांचा पांडू बापाशी भांडून गोव्याच्या ट्रकवर क्लीनर म्हणून चढला, तो परतलाच नाही. बाप वारला तेही त्याला कळवता आलं नाही. हरवलेला माणूस शोधणारी पोरं आमच्याकडं येतात हे ऐकून मावशी दुकानात आल्या. हातात पांडूचा फोटो.

मी म्हटलं, "मावशी, ही पोरं खोटी माणसं शोधत्यात."

"खोटी सापडत्यात, मग खरा का सापडंना?"

मला फार वाईट वाटलं. मावशी उठल्या आणि समोर स्टँडच्या बाकावर जाऊन बसल्या.

त्या दिवशी पुण्याच्या तीन मुली खेळायला आल्या होत्या. मावशींनी त्यांच्यापुढं फोटो धरला. एकीनं विचारलं, "मावशी, तुम्हीपण खेळात आहात?"

"कसला खेळ, बाई? माझं प्वार हाय ते."

मुलींचे डोळे चमकले. बरोबर आमच्या नियमातलं उत्तर! फोटोत पांडूच्या मागं ट्रक होता. मोबाईलवर त्या फोटोचा फोटो घेऊन, तो मोठा करून त्यांनी ट्रकवरचं नाव वाचलं, मावशींना नाना प्रश्न विचारले आणि गोविंदरावांना वाऱ्यावर सोडून गाडी गोव्याकडं वळवली. मी दुकानातून हाका मारत धावलो, तोवर गाडी गेलेली. फोन केले, तर प्रत्येक वेळी हसून म्हणायच्या, "कसला खेळ, दादा?"

दुसऱ्या दिवशी दुपारी फोंड्याच्या एका गॅरेजमधून त्यांचा व्हिडिओ कॉल आला.

"दादा, सापडला! पण तुमच्या ॲक्टरला जरा समजवा ना. आई स्टँडवर वाट बघतेय म्हटल्यापासून खाली बसून नुसता रडतोय. पुढचा क्लू द्यायचं नावच घेत नाही."