मल्लिनाथचा भोंगा

उदगीरात मल्लिनाथला नावानं ओळखणारी माणसं थोडी, पण त्याचा ऑटो सगळ्या गावाला माहीत. टपावर दोन भोंगे, मागच्या सीटवर आवाजाचं मशीन आणि बॅटरी. साड्यांचा सेल, नवीन शिकवणी, नळाला पाणी न येणं, कुणाची अंत्ययात्रा कुठून निघणार, सगळं त्या भोंग्यातूनच गावाला कळायचं. आवाज दुसऱ्याच कुणाचा, रेकॉर्ड केलेला. मल्लिनाथ स्वतः अबोल माणूस. घरातलं बोलणं त्यानं लेकीवर सोपवलं होतं.

मंजुश्री एकुलती एक, आठवीत शिकणारी. शाळेच्या परिपाठात बातम्या तीच वाचायची. "अप्पा, तुमच्या भोंग्यातल्या माणसाला 'पाणी' सुद्धा नीट म्हणता येत न्हाई," असं म्हणून ती त्याची नक्कल करून दाखवायची आणि वर्षाराणी, तिची आई, भाकरी थापता थापता हसायची.

दिवाळीनंतर पोरीला ताप येऊ लागला. गोळ्या घेतल्या की उतरायचा, पुन्हा चढायचा. मग पायावर निळे डाग दिसले. कुठं आपटली का, म्हणून आईनं विचारलं, तर ती म्हणाली, कुठंच न्हाई. गावातल्या डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट बघितला, वर्षाराणीला पोरीसोबत बाहेर बसायला सांगितलं आणि मल्लिनाथला म्हणाले, "लातूरला घेऊन जा. आजच जा." रक्ताचा कॅन्सर होता.

लातूरला एका ट्रस्टचा लेकरांचा दवाखाना आहे. तिथं डॉक्टर चांगले, नर्सबाई मायेच्या. पण रक्तातल्या पेशी वेगळ्या करायचं मशीन तिथं नव्हतं. मंजुश्रीच्या नाकातून रक्त यायला लागलं की पेशींची पिशवी लागायची, आणि लातूरात कुठं मिळाली नाही तर मल्लिनाथ नांदेड गाठायचा. जाताना गाडी मिळेपर्यंत जीव थाऱ्यावर नसायचा. येताना पिशवी मांडीवर धरून तो खिडकीबाहेरसुद्धा बघायचा नाही.

एका रविवारी तिचे वर्गशिक्षक आनंदराज सर चार मैत्रिणींना घेऊन भेटायला आले. पोरी पलंगाजवळ अवघडून उभ्या राहिल्या. मंजुश्रीचे केस गेले होते, कुठं बघावं ते त्यांना समजेना. मंजुश्रीच बोलली.

"सर, अप्पा नांदेडला गेले की ते येईपर्यंत आई माझ्या नाकाला कापूस धरून बसते. हितं समद्याच लेकरांचं असंच हाय. मशीन हितंच असलं तर?"

परत गेल्यावर सरांनी वर्गात सांगितलं, आणि पोरांनी ते मनावर घेतलं. शाळेत आनंदनगरी भरवायची, भेळ-भजी विकायची, बाजारात डबे फिरवायचे, आलेला पैसा त्या दवाखान्याला द्यायचा असं ठरलं. गावाला सांगायला आवाज हवा होता. सर पुन्हा लातूरला आले आणि मोबाइल मंजुश्रीच्या तोंडाजवळ धरला. उशीला टेकून, मधेमधे दम खात ती बोलली.

"नमस्कार उदगीरकर. मी मंजुश्री, आठवीत शिकते. मी ज्या दवाखान्यात आहे तिथं माझ्यापेक्षा लहान लई लेकरं आहेत. त्यांच्यासाठी आमच्या शाळेत या."

"'लई' न्हाई, 'खूप' म्हणायचं होतं," ती म्हणाली. "पुन्यांदा करू?"

"राहू दे," सर म्हणाले. "हेच चांगलं हाय."

आनंदनगरीचा दिवस यायच्या आधीच मंजुश्री गेली. मल्लिनाथ तेव्हा नांदेडहून परतीच्या वाटेवर होता, पिशवी मांडीवर होती. वर्षाराणीनं फोन केला, पण तिला बोलता येईना. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. त्यानं "आलो, आलो" म्हणून फोन ठेवला आणि तरीही पिशवी तशीच जपून धरून बसला.

पोरीला मातीआड केल्यावर काही दिवसांनी सर घरी आले. चहा समोर निवत राहिला.

"आम्ही दुसऱ्या पोरीचा आवाज घेतो," सर खाली बघत म्हणाले. "तुमच्या मंजुश्रीचं रेकॉर्डिंग आमच्याकडं ऱ्हाईल."

मल्लिनाथनं कप बाजूला सारला. मग म्हणाला, "ती बोललीय ना सर. वाजू द्या. ऑटो मी लावतो."

आतल्या खोलीत वर्षाराणी सगळं ऐकत होती. ती बाहेर आली नाही.

मल्लिनाथनं पेन ड्राइव्ह लावला आणि गाव फिरायला सुरुवात केली. मोंढ्याच्या बाजारात हमाल पोती पाठीवर घेऊनच थांबले. दुकानदार गल्ल्यावरून उठून बाहेर आले. मंजुश्री गेली हे गावाला माहीत होतं. ऑटोच्या मागं चालणाऱ्या पोरांच्या डब्यात माणसं नोटा टाकत होती आणि मल्लिनाथकडं न बघता परत वळत होती. तो मात्र समोर बघून चालवत राहिला. ती दम खायला थांबायची तिथं त्याचाही श्वास थांबायचा.

ऑटो त्याच्या स्वतःच्या गल्लीत वळला तेव्हा वर्षाराणी अनवाणी धावत आली आणि तिनं मशीनची वायर ओढून काढली. भोंगा मधेच बंद पडला.

"तुम्हाला ऐकवतं कसं?" ती म्हणाली. "घरात मी कानात बोळे घालून बसले, तरी येतंय."

पोरं भिंतीला लागून उभी राहिली. मल्लिनाथला सांगायचं होतं, की मला दुसरीकडं कुठंच तिचा आवाज येत न्हाई. त्यानं वायर उचलली, गुंडाळली, आणि पुढच्या गल्लीत जाऊन पुन्हा जोडली.

दुसऱ्या दिवशी वर्षाराणी देवणीला माहेरी गेली. तो तिला अडवायला गेला नाही.

आनंदनगरी मोठी झाली. गाव लोटलं. पोरांच्या चेहऱ्यावर आपण मशीन आणलंच असा आनंद होता. पैसे द्यायला सर काही पोरांना घेऊन लातूरला निघाले, तेव्हा मल्लिनाथलाही सोबत नेलं. मोठ्या डॉक्टरांनी पोरांचं कौतुक केलं, प्रत्येकाच्या पाठीवर हात ठेवला. मग समजुतीच्या सुरात सांगितलं की मशीनला याच्या कितीतरी पट पैसा लागतो. वेगळी खोली लागते, परवानगी लागते, चालवणारी माणसं लागतात. हे पैसे मशीनच्या फंडात जमा होतील. सुरुवात तर झाली.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी मान खाली घातली. मल्लिनाथला वाटलं, आपण पोरीला गल्लोगल्ली फिरवली ती कशासाठी?

तो उठून वॉर्डाकडं गेला. कशाला गेला ते त्यालाही कळलं नाही. खिडकीजवळच्या तिच्या पलंगावर एक लहान मुलगा झोपला होता, नाकात कापूस. शेजारी बसलेला बाप त्याला बघून उठला. जळकोटकडचे व्यंकटराव, त्यांनी स्वतःच ओळख सांगितली.

"तुमचं बी लेकरू हितंच होतं का?"

"हाव. ह्याच पलंगावर."

"मग? बरं झालं?"

त्या माणसाचे डोळे अनेक दिवस झोपेविना होते. पलंगावरचं लेकरू जागं होऊन बघत होतं.

"हाव," मल्लिनाथ म्हणाला. "बरं झालं. शाळेत जाते."

व्यंकटरावांनी त्याचे दोन्ही हात धरले. नांदेडला पिशवी कुठं मिळते, कुणाला भेटायचं, सगळं विचारून घेतलं, आणि फोन नंबरही घेतला.

त्यानंतर त्यांचे फोन येऊ लागले. ताप उतरला. आज पोरानं शिरा खाल्ला. आज पुन्हा रक्त आलं, तुमच्या पोरीला असं झालं होतं का? मल्लिनाथ ऑटो रस्त्याच्या कडेला घ्यायचा, भोंगा बंद करायचा आणि सांगायचा, "हाव, झालं होतं. कमी होतंय." प्रत्येक फोननंतर त्याला वाटायचं, आता खरं सांगून टाकावं. पण पलीकडचा माणूस तेवढ्यावरच तग धरून होता.

मग फोन येणं थांबलं. आठवडा गेला, महिना गेला. नंबर त्याच्याकडं होता. त्यानं लावला नाही.

वर्षाराणी अजून देवणीलाच आहे. मल्लिनाथ रोज ऑटो काढतो. खिशात फोन वाजला की ऑटो कडेला घेतो. फोन बाहेर काढून नाव बघेपर्यंत भोंगा साड्यांच्या सेलबद्दल सांगत राहतो.