देवरावभाऊंच्या कोशाच्या माळा

फेब्रुवारीच्या शेवटी फोन आला. "मेमसाब, यंदा पावसाची वाट नका पाहू. पाहाचं असन तं आत्ताच या. माळा जूनपर्यंत राह्यतीन का नाई, सांगता येत नाई."

देवरावभाऊ म्हणजे माझ्या नवऱ्याचे, अशोकचे, सैन्यातले सोबती. अशोक मालवाहू विमानाचा पायलट होता. देवरावभाऊ त्याच विमानाच्या उघड्या दारातून डोंगरातल्या चौक्यांवर धान्याची पोती ढकलणारे जवान. निवृत्तीनंतर ते आरमोरीजवळच्या आपल्या गावी परतले आणि वडिलांचं काम धरलं. ऐनाच्या झाडांवर अळ्या पाळून त्यांचं रानरेशीम काढायचं. आपण त्याला कोसा म्हणतो. दरवर्षी जूनमध्ये त्यांचा फोन यायचा, "पाखरं निघून राह्यले, या." दरवर्षी अशोक म्हणायचा, पुढच्या वर्षी नक्की. अशोकला जाऊन आता चार वर्षं झाली.

फोन ठेवता ठेवता भाऊ म्हणाले, "तिकडं पुण्यात आमच्या कोशाचा माल दिसते का कुठी? दिसला तं एक नग आणजा. आपलं सूत शेवटी कोणाच्या खांद्यावर जाते, कधी पाह्यलंच नाई."

हे काम मिळाल्याचा मला फार आनंद झाला. हातमागाच्या प्रदर्शनात जाऊन बदामी रंगाचा एक स्टोल घेतला. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'अस्सल विदर्भ कोसा'. तरी मी खात्री केली. नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये शिवणाच्या तासाला सिस्टरनी शिकवलं होतं की रेशमाचा धागा जाळला तर केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. घरी येऊन कडेचा एक धागा ओढून काडीवर धरला. वास आला, राख चुरली. सिस्टरची आठवण काढून मी स्टोल पिशवीत ठेवला.

पुण्याहून नागपूर, तिथून चंद्रपूर. पहिला मुक्काम ऊर्जानगरला मावसबहिणीकडे. तिथल्या वीज केंद्राच्या वसाहतीत झाडं भरपूर आहेत, रस्ते सरळ आहेत, आणि दोरीवरचे कपडे काढताना प्रत्येक जण ते एकदा झटकतो. कोळशाच्या राखेबद्दल कोणी बोलत नाही, फक्त झटकतात. चंद्रपूरला उतरणाऱ्यांनी गडद कपडे आणावेत, एवढंच सांगते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्रपूरहून मूलमार्गे गडचिरोलीची एसटी धरली. बायकांना तिकीट अर्धं आहे, आधार कार्ड जवळ ठेवा. मूलच्या स्टँडवर तर्री-पोहे खाल्ले. तर्री बेतानं मागा, मी भरपूर मागितली आणि तिखटानं डोळ्यांतून पाणी आलं. पुढे दोन्ही बाजूंना जंगल, पानं गळालेलं, आणि मधूनच निखाऱ्यासारखा पळस.

"कुठी चालल्या बाई?" कंडक्टरनं विचारलं.

"आरमोरीकडे. कोसा पाहायला."

"कोसा?" तो हसला. "इथी लोक लाख रुपयाचे कॅमेरे घेऊन वाघ पाहाले येतात. वाघ सोडून कोसा पाहाले आलेल्या तुमीच पह्यल्या."

मागच्या सीटवरच्या दोघी तेलंगणात मिरची तोडायला जाण्याचं ठरवत होत्या. एकीनं विचारलं, "पोरीले नेतं का सोबत?" दुसरी म्हणाली, "नेतो तं. शाळेत ठेवू तं पाहीन कोण?" मग वैनगंगेचा पूल आला आणि दोघी पाण्याकडे बघत राहिल्या. पाणी नदीच्या एका कडेला गेलेलं होतं.

गडचिरोलीला गाडी बदलली. आरमोरीच्या अलीकडे फाट्यावर देवरावभाऊंची सून सुनीता स्कूटी घेऊन उभी होती. तिनं आधी मला हुंगलं. खरंच हुंगलं. "अत्तर-बित्तर नाई ना लावलं? डासाची क्रीम? कोशाले नाई चालत."

लावली होती. सकाळीच, हातापायांना. मग अंगणातल्या हापशीवर तिनं मला लहान मुलीसारखं धुऊन काढलं. जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. त्या घरात वास घेऊन जायचं नाही.

देवरावभाऊ दारात उभे होते. वाळून काटकुळे झालेले, पण ताठ. मला पाहून त्यांनी सलाम केला आणि मग स्वतःच लाजले. विमानाच्या आवाजानं त्यांचा डावा कान कधीच गेला आहे, त्यामुळे मान जरा तिरपी धरून ऐकतात.

माळा मागच्या खोलीत होत्या. अंधारी, गार, शेणानं सारवलेली खोली. आढ्यापासून दोरीवर ओवलेले शेकडो कोसे, म्हणजे अळ्यांचे कोश, लोंबत होते. लहान अंड्याएवढे, बदामी, प्रत्येकाला देठ, स्पर्शाला लाकडासारखे. हे बियाण्याचे कोसे. आतला किडा जिवंत ठेवायचा, उन्हाळाभर सांभाळायचा. पावसात पाखरं, म्हणजे पतंग, निघतात, जोड्या लागतात, अंडी मिळतात, आणि गावातली अकरा घरं ती अंडी घेऊन आपापल्या झाडांवर हंगाम धरतात. बाहेरचं बियाणं मिळतं, पण भाऊ म्हणाले, "आमच्या झाडायवर ते टिकत नाई." म्हणजे सूत काढायला त्या खोलीतल्या माळा उकळल्या, तर यंदाच नाही, पुढेही गावात कोसा नाही.

भाऊंनी एक कोसा माझ्या हातात दिला. "हालवा." आत काहीतरी जड, मऊ आपटलं. "जिता आहे. मेला असन तं खडखड वाजते." ते स्वतः कानाशी धरत नाहीत. गालाच्या हाडाला टेकवतात आणि हलवतात.

जेवायला भात, लाखोळीची डाळ आणि तलावातल्या झिंग्यांची चटणी होती. जेवता जेवता भाऊंनी सांगितलं ते मी माझ्या समजुतीप्रमाणे लिहिते. बाहेरदेशचं रेशमाचं सूत इकडे येतं. त्यावरचा आयात कर एवढा नाही की इथल्या बायकांनी मांडीवर वळलेल्या सुताला त्याच्याशी टक्कर देता यावी. आणि इथल्या सुताचे स्टोल जे अमेरिकेला जायचे, त्यांच्यावर तिकडे मोठा कर लागला, तेव्हा व्यापाऱ्यानं घेणं थांबवलं. आता तो कर कमी होणार, झाला, असं ऐकू येतं, पण व्यापारी काही परत आलेला नाही.

"येताना फाटक उघडं, जाताना बंद," भाऊ म्हणाले. "आन् दोन्ही फाटकाचा चौकीदार आमाले कधी दिसला नाई."

"मग ठेवणार ना माळा?" मी विचारलं.

"तेच तं पाहून राह्यलो. मले वाटते, शहरातले लोक ओळखतात. ओळखणारे असतीन तं आज ना उद्या घेतीनच. तुमी आणलं का ते?"

मी मोठ्या हौसेनं स्टोल काढला. जाळून पाहिल्याचंही सांगितलं, सिस्टरसकट.

सुनीतानं हात पुसून कड अंगठा आणि बोटात धरली. एकदा सरकवली, दोनदा. मग तिनं सासऱ्याकडे पाहिलं.

"बोल ना वं," भाऊ म्हणाले.

"रेशीम खरं आहे, बाई. तुमची सिस्टर बरोबर होती," ती मला म्हणाली. "पण आपलं नाई. आपल्या सुतात मांडीवर वळताना गाठ येते, जाड-बारीक येते. हे मशीनचं आहे. बाहेरचं."

"अस्सल विदर्भ लिहिलंय," मी म्हणाले. माझाच आवाज मला पोकळ वाटला.

"विणलं असन इथीच. माहा भाऊच विणते असलं." ती जरा तडकूनच म्हणाली. "ते सूत नसतं तं त्याचा माग बंद असता. त्याले काय शिव्या देऊ?"

भाऊंनी स्टोल हातात घेतला, खिडकीच्या उजेडात धरला. "चांगला आहे," ते म्हणाले. "लय सफाई आहे." घडी घालून त्यांनी तो माझ्या मांडीवर ठेवला, अगदी काळजीनं. मला तो घासासकट गिळून टाकावासा वाटला.

उन्हं कलल्यावर ते मला ऐनाच्या झाडांकडे घेऊन गेले. हंगामात तिथे बाईमाणसाला येऊ देत नाहीत. पुरुष तिथेच राहतात, हातानं रांधून खातात, दाढी करत नाहीत, मांसाला शिवत नाहीत. "आता अळ्याच नाईत, या," भाऊ म्हणाले. मी गेले. सुनीता मात्र बांधावरच थांबली. रिकाम्या झाडांखालीही तिचा पाय पुढे गेला नाही.

तिथे मी विचारलं. अशोक एका दिवसाबद्दल कधीच बोलला नव्हता. विमानाची आठवण निघाली की तो गमतीजमती सांगायचा आणि एका जागी येऊन उठून जायचा.

भाऊ खाली बसले. "ईशान्येकडची एक चौकी होती. वरतून पाह्यलं तं पोरं धूर करून राह्यले होते. धूर म्हणजे, आमी आहो, माल टाका. पण ढग मधात आला. साबनं तीन चक्कर मारल्या. मी दारात, पोत्याले हात लावून उभा. चवथ्या चक्करले तेल पुरलं नसतं. भरलं विमान घेऊन वापस आलो."

"मग?"

"चार दिवस ढग हटला नाई. पाचव्या दिवशी गेलो तं आभाळ साफ. एकदम साफ. खाली धूर नाई. साबनं पाच चक्कर मारल्या. धूर नसन तं माल टाकाचा नाई, असा नियम होता. घेणारा कोणी नाई, टाकाचा कोणाले?" त्यांनी एक वाळकं पान उचललं, चुरलं. "पोरं पायी निघाले होते, मागून कळलं. दोघं पोचले नाईत. साबनं उतरल्यावर मले इतकंच इचारलं, देवराव, तुले धूर दिसला होता का? मी म्हटलं, नाई साब. ते म्हणे, नीट पाह्यलं होतं ना?"

अशोक म्हातारपणी गच्चीवर उभा राहून लांबचा धूर दिसला की विचारायचा, तो कुठला गं? मी म्हणायचे, कचरा जाळत असतील. इतकी वर्षं मी हेच उत्तर दिलं.

घरी परतताना भाऊ म्हणाले, "सकाळी भट्टी लावू, सुनीता."

ती थांबली. "सगळ्या माळा?"

"सगळ्या. धूर नाई कुठी."

मी म्हणाले, माझ्या एका स्टोलवरून ठरवू नका. माझ्यासारखी एक मूर्ख बाई म्हणजे सगळं शहर नाही. ते मान तिरपी करून हसले. "मेमसाब, तुमी आपुलकीनं शोधला, जाळून पाह्यला, तरी तुमाले नाई समजलं. बाकीचे तं नुसते घेतात."

सकाळी अंगणात मोठं भांडं चढलं. सोडा घातलेलं पाणी उकळू लागलं तशा सुनीतानं माळा सोडल्या. पहिली माळ भाऊंनी स्वतः आत सोडली, आणि हात जोडले. अकरा घरांतली माणसं आली होती. एका म्हाताऱ्यानं फक्त विचारलं, "मंग यंदा दाढी कराची का?" कोणीतरी हसलं आणि ते हसणं मधेच थांबलं. दुपारी सुनीता मांडी उघडी टाकून त्या कोशांचं सूत काढायला बसली. तिच्या मांडीवर वळून वळून पडलेला चट्टा तळहाताएवढा आहे.

निघताना भाऊंनी माझ्या पिशवीत काहीतरी ठेवलं. एक कोसा. जिवंत, न उकळलेला.

"जोडी द्या ना," मी म्हणाले. "पाखरं निघतील. अंडी घालतील."

"म्हणूनच एक देतो," भाऊ म्हणाले. "जोडी दिली तं अंडे होतीन. अंड्यातून अळ्या निघतीन, आन् तुमच्याकडं ऐनाचं झाड नाई."

आता पुण्यात परत येऊन दोन आठवडे झाले. जायचं असेल तर होळीच्या आधी जा, उन्हाचा त्रास कमी. रस्ते बरे आहेत, माणसं फार चांगली आहेत. कोसा दाखवणारं घर मात्र आता त्या गावात नाही, म्हणून पत्ता देत नाही.

स्टोल कपाटात आहे. तो मला वापरवत नाही आणि टाकवतही नाही, कारण तो सुनीताच्या भावानं विणलेला असू शकतो. कोसा ऊन न येणाऱ्या खिडकीच्या सळईला देठानं बांधला आहे. मी डासांची क्रीम आणि अत्तर लावणं सोडलं आहे. रोज सकाळी तो गालाच्या हाडाला टेकवून हलवते. आत जड, मऊ आपटतं. जूनमध्ये पाखरू निघेल. त्याला तोंड नसतं, ते काही खात नाही, भाऊ म्हणाले होते. चारपाच दिवस जोडीची वाट बघतं, बस.