शेजाऱ्यांना वीस टक्के सूट

माझ्या आईने आणि समोरच्या नलूकाकूंनी मिळून सव्वीस वर्षं चालवलेली अर्थव्यवस्था मी अकरा दिवसांत बुडवली. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर लोकांना वाटायचं, एवढं मोठं काम या माणसाला एकट्याने जमलं कसं.

ही अर्थव्यवस्था मुलुंड पूर्वेला, आमच्या बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर होती आणि तिचं एकूण भांडवल म्हणजे एक स्टीलची वाटी. काठाला पोचा आलेली, बुडाला आईचं नाव कोरलेली. आई मालवणकडची. दर रविवारी ती आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्यांची उसळ करायची आणि घरात पहिलं ताट वाढायच्या आधी उसळीची ती वाटी काकूंकडे जायची. चार-आठ दिवसांनी परत यायची, पण रिकामी कधीच नाही. कधी मेथीचा लाडू, कधी लिंबाचं लोणचं आणि घरात काहीच नसलं तर चमचाभर साखर. काकू एकट्या राहतात, मुलगा परदेशात. आमच्या दाराची जादा चावी त्यांच्याकडे असायची. बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा आम्ही सगळे दिवसभर कामावर, तर काकूच चार वेळा येऊन थेंब घालून जायच्या. हे सगळं कोणत्या नियमाने चालतं ते मला कधी कळलं नाही. न कळणारी गोष्ट सुधारायची मला फार हौस.

त्या शुक्रवारी मी बारावीला मुक्त बाजारपेठ शिकवली. इतकी रंगून शिकवली की मला स्वतःला पटली. (वर्गात आणखी कोणाला पटल्याचं दिसलं नाही. शेवटचा बाक झोपला होता.) घरी येताना डोक्यात एकच विचार. आईच्या हाताला एवढी चव आणि तिला बाजारभाव शून्य? जिना चढायच्या आत मी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहिरात टाकून मोकळा झालो: 'घरगुती मालवणी आंबोळी-उसळ, रविवारी सकाळी, प्लेट ऐंशी रुपये.' अर्ध्या तासात चौदा ऑर्डरी आल्या.

आईला सांगितलं तर तिने हातातला कांदा खाली ठेवला.

"शेजाऱ्यांकडसून पैशे घेतलंस? लाज खंय गहाण टाकलंस?"

"आई, बाजारात लाज चालत नाही."

"म्हणान बाजार गावाभायर भरता. घरात नाय."

मी हे हसण्यावारी नेलं. रविवारी आईने मुकाट्याने आंबोळ्या काढल्या. शेजाऱ्यांना 'हो' म्हणून बसलेल्या मुलाची अब्रू राखायची होती, एवढंच कारण. पहिली वाटी तिने सवयीप्रमाणे काकूंसाठी भरली, आणि इथे माझ्यातला प्राध्यापक जागा झाला. चौदा लोकांना ऐंशी रुपये आणि पंधराव्याला फुकट? हा तर बाकीच्यांवर अन्याय. पण मी काही दगड नाही. मी मनाचा मोठेपणा दाखवला आणि ग्रुपवर, सगळ्यांसमोर, लिहिलं: 'नलूकाकूंना खास शेजारी म्हणून वीस टक्के सूट.'

दोन मिनिटांत काकूंचा अंगठा आला. मागोमाग चौसष्ट रुपये आले. वाटी आणि आंबोळ्या मी स्वतः नेऊन दिल्या. दुपारी वाटी परत आली. स्वच्छ घासलेली, पुसलेली. रिकामी.

आईने ती हातात घेतली.

"तुजे बाबा गेले, तेवापण ही रिकामी येवक नाय," ती म्हणाली आणि आत जाऊन पडली. जेवली नाही.

मला वाटलं, काकू विसरल्या असतील. माणसाला जे सोयीचं असतं ते त्याला लगेच वाटतं. बुधवारी जिन्यात भेटल्या. मी म्हटलं, "काय काकू, बरं आहे ना?" ज्या बाईने मला चड्डीच्या नाडीपासून लग्नाच्या मुंडावळ्यांपर्यंत 'ए श्रीपा' म्हणून हाक मारली, ती म्हणाली, "बरं आहे सर. तुम्ही कसे आहात?" मी दोन पायऱ्या चुकलो.

आणि सोमवारी माझी खरी वाट लागली. आई भजनाला, बायको ऑफिसात. मी कचऱ्याची बादली ठेवायला बाहेर आलो आणि मागे दार धाडकन लागलं. मी हाफपँट-बनियनवर, मोबाइल आत. जादा चावी समोरच्या दारामागे, तीन पावलांवर. बेलपर्यंत दोनदा बोट नेलं, दोनदा मागे घेतलं. शेवटी तसाच बनियनवर स्टेशनजवळ गेलो आणि चावीवाल्याला घेऊन आलो. त्याने कुलूप फोडायला सुरुवात केली आणि सगळा मजला दणाणला.

"साहेब, शेजारी एक चावी नाय ठेवत काय?" तो ठोकता ठोकता म्हणाला. "सगळे ठेवतात यार."

"नाही ठेवत," मी म्हणालो.

तेवढ्यात समोरचं दार उघडलं. काकूंच्या बोटाला आमची चावी लटकत होती.

"चावी आहे की माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "पण सर, आता तिचा भाव काय लावायचा, ते कळेना. म्हणून गप्प बसले."

चावीवाल्याचा हातोडा थांबला. मी म्हणालो, "काकू, माझं चुकलं."

"तुमचं कुठे चुकलं? सूट दिलीत की," त्या म्हणाल्या. "मी इतकी वर्षं स्वतःला घरातली समजत होते. गिऱ्हाईक आहे, हे कोणी सांगितलंच नाही."

मी बनियनवर, बाजूला कचऱ्याची बादली. इतकी शरम मला आयुष्यात वाटली नव्हती. वर्गात मी वर्षानुवर्षं सांगत आलोय की बाजार विश्वासावर चालतो. तो विश्वास येतो कुठून, हे मी कधी सांगितलं नव्हतं, कारण मला ते ठाऊकच नव्हतं. तो अशा वाट्यांतून येतो, आणि मी त्याला सवलतीचा दर लावला होता.

दुकान मी त्याच संध्याकाळी बंद केलं. पुढच्या रविवारी आई स्वतः वाटी घेऊन समोर गेली आणि तासभर बसली. काय बोलल्या ठाऊक नाही, पण दार उघडलं तेव्हा दोघींचे डोळे लाल होते. काकू मला पुन्हा 'श्रीपा' म्हणू लागल्या. वाटीही भरून यायला लागली. फक्त एक फरक पडला. पूर्वी ती आठ आठ दिवस तिकडे राहायची, आता तासाभरात परत येते. काकू आमचं काही घरात राहू देत नाहीत. आईने हे कधी बोलून दाखवलं नाही. दाखवलं असतं तर बरं झालं असतं.

गेल्या रविवारी मात्र वाटी संध्याकाळपर्यंत आली नाही. सोमवारी नाही, मंगळवारी नाही. आई गुणगुणायला लागली. गुरुवारी मला आनंद आवरेना. खात्री करून घ्यावी म्हणून मी काकूंची बेल दाबली.

"काकू, आमची वाटी अजून तुमच्याकडेच आहे ना?"

"अगं बाई, हो की. थांब हं." आत नळाचा आवाज आला. मी "नको, नको" म्हणेपर्यंत काकूंनी वाटी घासली, पदराने पुसली आणि माझ्या हातात ठेवली.

आईने वाटीत पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग ती रिकामी वाटी नेऊन माझ्या अर्थशास्त्राच्या पुस्तकांवर ठेवली.

"तिथे कशाला? स्वयंपाकघरात ठेव ना," मी म्हणालो.

"असूंदे थयच," आई म्हणाली. "तुज्या धंद्यात झालेलो नफो तो."