मामांचा वार्षिक अहवाल

घरी चालून आलेल्या गिऱ्हाइकाला चहा पाजून परत पाठवणारा अख्ख्या खानदेशातला एकमेव विमा एजंट म्हणजे माझ्या बायकोचे मामा. दुसरा कुणी असलाच तर मला दाखवा, मी त्याच्या पाया पडेन. पण त्याला स्कूटरवर घेऊन फिरणार नाही. ते माझं करून झालंय. दहा-अकरा वर्षं, दिवाळी झाली की पुढचे सगळे रविवार, मी मामांना मागे बसवून जळगाव, एरंडोल, पारोळा, धुळे आणि धुळ्याच्याही पुढे सोनगीरपर्यंत हिंडवलं. सगळं गाव सकाळच्या पौराणिक मालिकेसाठी टीव्हीपुढे हात जोडून बसलेलं असायचं अशा वेळी मोकळ्या रस्त्यावर आम्ही दोघंच. मामा मागून म्हणायचे, ‘बघा जावईबापू, रस्ता कसा रिकामा मिळाला.’ त्या रिकाम्या रस्त्यातला एकेक खड्डा माझ्या कंबरेला आजही पाठ आहे.

मामा मुळात वीजखात्यात वायरमन. उभी नोकरी खांबावर चढण्या-उतरण्यात गेली. तारेला चिकटलेली माणसं त्यांनी स्वतःच्या हातांनी सोडवली होती, काही वेळेवर आणि काही उशिरा. उशीर झालेल्यांच्या दारात जाऊन उभं राहायचं कामही बहुधा त्यांच्याच वाट्याला यायचं. त्या दारांबद्दल ते बोलत नसत. निवृत्त झाल्यावर पेन्शन सुरू झाली आणि महिन्याभरात त्यांनी विम्याची एजन्सी घेतली. मागे राहिलेल्या बाईच्या हातात काहीतरी पडायला हवं, एवढंच कारण त्यांनी घरात सांगितलं. इथपर्यंत माणूस शहाणा होता. पुढे मात्र त्यांच्या डोक्यात असं बसलं की ज्याचा विमा आपण उतरवला, तो माणूस जिवंत ठेवण्याची जबाबदारीही आपलीच. ‘विमा उतरवायचा तो मागच्यांना पैसे मिळावेत म्हणून,’ ते म्हणायचे, ‘आणि एजंटानं पाय झिजवायचे ते पैसे द्यायची वेळच येऊ नये म्हणून.’

म्हणून मग आमच्या वाऱ्या सुरू झाल्या. मामा एखाद्याच्या दारात उतरले की नमस्कार, पाणी, चहा झाला की तपासणी सुरू. जीभ दाखवा. खोकून दाखवा. डोळ्याखालची पापणी ओढून बघत. विहिरीला कठडा आहे का, गच्चीच्या जिन्याची पायरी हलते का, बैलगाडीच्या मागे लाल काच लावली का. शेवटी खिशातून पिवळ्या मुठीचा टेस्टर काढून मोटारीच्या स्टार्टरपासून घरातल्या मिक्सरपर्यंत प्रत्येक लोखंडी वस्तूला तो टेकवायचा. मूठ कधीतरी फुटलेली, तिच्यावर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली. सोनगीरच्या एका तांबटाचा खोकला त्यांना पसंत पडला नाही, तर त्याला तिथल्या तिथं स्कूटरवर घेतलं. सोनगीर ते धुळे महामार्गानं आम्ही तिघं, शेजारून ट्रक, आणि मधला माणूस माझ्या मानेवर खोकतोय. डॉक्टर म्हणाले, तांब्याची धूळ आहे, तोंडाला फडकं बांधून काम करा. पुढच्या वर्षी गेलो तर तांबट फडकं बांधून बसलेला आणि ठणठणीत. खोकत मी होतो. भुसावळच्या एका रेल्वे फिटरच्या खिशातली तंबाखूची डबी मामांनी त्याच्याच बायकोसमोर काढून घेतली आणि माझ्या डिकीत टाकली. वर्षभर माझ्या डब्यातल्या पोळीला तंबाखूचा वास होता आणि बायको माझ्याकडे संशयानं बघत होती.

अर्थात असं सांभाळायचं म्हणजे माणसं मोजकीच हवीत. मामांनी हिशेब केला होता की वर्षातून एकदा समक्ष भेटता येतील अशी शंभराच्या आतबाहेर माणसं. तेवढी झाली आणि त्यांनी दार लावून घेतलं. नवा कुणी आला की त्याला सांगायचे, पलीकडच्या गल्लीत अमका एजंट आहे, हुशार आहे, त्याच्याकडे जा. जाणारा माणूस बिचारा आपल्यात काय खोट आहे असा विचार करत जायचा.

एकदा शाखेच्या साहेबांच्या टेबलावर मामांना कंपनीचा वार्षिक अहवाल दिसला. गुळगुळीत कागद, पहिल्या पानावर अध्यक्षांचं निवेदन, मग वर्षभराची कामगिरी, मग संस्था किती भक्कम आणि पुढची किती वर्षं टिकेल याबद्दलचं एक लांबलचक प्रकरण. मामांनी तो मागून आणला, दोनदा वाचला आणि म्हणाले की सगळं आहे, पण माणसं कशी आहेत ते कुठेच नाही. झालं. तेव्हापासून मामांचाही वार्षिक अहवाल सुरू झाला. शंभर पानी वही, त्याच मांडणीनं, निवेदनासकट. त्याचं वाचन आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी दुपारी. आखाजीला आमच्याकडे सगळ्या लेकी माहेरी येतात, तेव्हा घर भरलेलं. आदल्या दिवशीचा आमरस अंगात मुरलेला, बाहेर वैशाखाचं ऊन, आत कूलरची घरघर, आणि मामा चष्मा लावून वाचताहेत, ‘यंदा भुसावळच्या फिटरचं वजन वाढलं. ही समाधानाची बाब आहे.’ निम्मं घर घोरत असायचं. मला घोरायची सोय नव्हती, कारण मधूनमधून ‘जावईबापू साक्षीला आहेत’ असं यायचं आणि मान हलवावी लागायची. शेवटचं वाक्य ठरलेलं. ‘वजा कुणी नाही.’ ते वाचताना मात्र मामांचा आवाज थोडा खाली यायचा, आणि मामी स्वयंपाकघरातून दाराशी येऊन उभ्या राहायच्या.

या वजा-कुणी-नाहीला खरा धोका होता तो पारोळ्याजवळच्या एका खेड्यातल्या नानांचा. नाना कापूसवाले. साठीचा गडी, हाडानं काटक आणि स्वभावानं त्याहून. त्यांच्या विहिरीवरचा स्टार्टर म्हणजे नुसता सांगाडा होता. झाकण गेलेलं, तारा बाहेर, खाली कायम ओल. मामांनी टेस्टर टेकवला की आतला दिवा लालभडक. नाना ढिम्म. ‘हाई डबडं दहा वरीसपासून आठेच शे,’ ते म्हणायचे. ‘माले ओळखस ते.’ चार वर्षं मामा दरसाल सांगत होते आणि नाना दरसाल डबडं मला ओळखतं हेच उत्तर देत होते. पाचव्या वर्षी मामा विहिरीजवळच्या निंबाखाली बसले आणि म्हणाले, अर्थिंग झाल्याशिवाय मी पाणी पिणार नाही. नानांना वाटलं गंमत. दुपार झाली. नानांच्या बायकोनं भाकरी आणि वांग्याचं भरीत आणून ठेवलं, मामांनी ताटाला नमस्कार केला आणि बाजूला सारलं. मला कुणी विचारलंच नाही. पण मामा उपाशी असताना जावयानं कसं जेवायचं? भरताचा वास येत होता हो. उन्हं कलली तेव्हा नानांची बायको नवऱ्याला काय बोलायचं ते बोलली आणि नाना पहार घेऊन आले. ती पहार माझ्या हातात पडली. जिल्हा कचेरीतला वरिष्ठ कारकून मी, कंबरभर खड्डा खणला. त्यात तांब्याचा पत्रा, मीठ, कोळसा, वर पाणी. नव्या झाकणाचा डबा मामांनी जळगावहून आणलेलाच होता. निघताना त्यांनी स्वतःचा टेस्टर नानांच्या खिशात खोचला आणि सांगितलं की रोज सकाळी टेकवून बघायचं. त्या रात्री मला बायकोनं कुशीवर वळवून झोपवलं.

आणि मग शाखेतून निरोप आला. एजन्सी चालू राहायची तर दरवर्षी ठरावीक नवी माणसं आणावी लागतात, तो नियमच आहे. मामांनी बरीच वर्षं एकही आणलं नव्हतं. साहेब भला माणूस, त्यानं सांभाळता येईल तेवढं सांभाळलं होतं. आता त्याच्याही हातात नव्हतं. मार्चअखेरपर्यंत बारा नवी माणसं, नाहीतर एजन्सी बंद. बारा! मामांनी नकार दिलेल्यांतूनच बारा जण मिळाले असते. मी कचेरीतले चार जण तयार केले. मामांनी प्रत्येकाला राहणार कुठे ते विचारलं. एक नंदुरबारचा, एकाची बदली होणार, दोघं सुट्टीच्या दिवशी घरी नसतात. ‘यांच्याकडे मी जाणार कधी? भेटता येत नाही, त्याला घ्यायचं कशाला?’ शेवटी मी म्हटलं, मग मला तरी घ्या. इतकी वर्षं मागे बसवून फिरवतोय, माझा विमा तुम्ही कधी उतरवला नाहीत. ‘तुम्हाला तर मी रोज बघतो,’ मामा म्हणाले. ‘त्याचा हप्ता कसा घेऊ?’ माणसावर चिडायचं ठरवावं आणि त्यानं असं काहीतरी बोलावं.

मार्च संपला. पत्र आलं. मामांची माणसं आता शाखेच्या दप्तरात ‘अनाथ पॉलिसी’ म्हणून जाणार होती. एजंट नसलेल्या पॉलिसीला धंद्यात असंच म्हणतात, साहेबांनी हळूच समजावलं. मामा घरी आले, टोपी खुंटीला अडकवली आणि म्हणाले, ‘नाना साठ वर्षांचे आहेत. त्यांना अनाथ म्हणतात?’ त्या वर्षीची फेरी आधीच झालेली होती, म्हणून आखाजीला अहवाल तेवढा वाचला.

दिवाळी झाली. मी मनातून सुटलो होतो, खोटं कशाला सांगू. पण पहिल्या रविवारी पहाटे जाग आली, सवयीनं स्कूटर पुसली आणि मामांच्या दारात उभा राहिलो. मामा ओट्यावर बसून होते. म्हणाले, ‘नको जावईबापू. आता कुठल्या नात्यानं जायचं? कशाला आलात असं कुणी विचारलं तर मी काय सांगू?’ मी म्हटलं, कोण विचारतंय? ते म्हणाले, कुणी विचारणार नाही, पण मला कळेल ना. दुसऱ्या रविवारीही गेलो, तिसऱ्याही. मामांची चालच बदलली होती. पेन्शनीत निघालेला माणूस नोकरी सुटल्याच्या दिवशी म्हातारा होतो म्हणतात. मामा त्या वेळी झाले नव्हते, ते आता झाले. आयुष्यात पहिल्यांदाच माझे रविवार मोकळे होते आणि मला करमत नव्हतं. टीव्हीपुढे बसलो तरी पारोळ्याच्या अलीकडचा तो मोठा खड्डा आठवायचा.

आखाजी आली. लेकी आल्या, रस झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे सवयीनं माजघरात जमले आणि मामा वही घेऊन आलेच नाहीत. ‘यंदा काय वाचू?’ म्हणाले. कुणी घोरलं नाही त्या दुपारी. एवढ्यात दारात चपला वाजल्या. बघतो तर नाना. खांद्यावर भुईमुगाच्या शेंगांची पिशवी, उन्हानं तोंड काळंठिक्कर. पारोळ्याहून एस.टी.नं आले होते. मामा गडबडून उठले, काय झालं, घरी सगळे बरे ना, स्टार्टर तर नाही ना? नाना खाली बसले, उपरण्यानं घाम पुसला.

‘बठ्ठा बरा शेतस,’ ते म्हणाले. ‘यंदा तुमी उनात नही, म्हनीसन मी उनू.’

मामा आले नाहीत, म्हणून ते आले, एवढंच. मामींनी पाणी दिलं. नाना वाऱ्याला कूलरजवळ सरकले आणि टेकायला म्हणून त्याच्या पत्र्यावर हात ठेवला, तो झटक्यात मागे घेतला. सदऱ्याच्या खिशात हात घालून टेस्टर काढला, पिवळ्या मुठीचा, काळी चिकटपट्टी गुंडाळलेला, आणि पत्र्याला टेकवला. आतला दिवा लालभडक.

‘भाऊ,’ नाना हळूच म्हणाले, ‘तुमना घरमा करंट शे.’

मामी म्हणाल्या, मी तीन उन्हाळे सांगतेय की याला पुसताना हाताला मुंग्या येतात, तर हे म्हणतात तुला वात झालाय. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. मामांचा चेहरा मला बघवला नाही. त्यांनी स्वतः उठून प्लग काढला, मागची जाळी उघडली. आतली तार पत्र्याला घासून उघडी पडली होती. ते पट्टी गुंडाळत होते आणि नाना शेजारी टेस्टर धरून बसले होते. पुन्हा कूलर लावला, पुन्हा टेस्टर टेकवला. या वेळी काही पेटलं नाही. मग नाना मामींकडे वळले आणि त्यांना जीभ दाखवायला सांगितलं. तेव्हा मामा हसले. मार्चनंतर प्रथमच, मार्च म्हणजे गेल्या वर्षीचा.

हसून झाल्यावर त्यांनी वही आणवली, उभ्याउभ्याच काहीतरी लिहिलं आणि वाचून दाखवलं. सगळ्यांत छोटा अहवाल तो. ‘यंदा आपण कुणाकडे गेलो नाही. एक जण आपल्याकडे आला. त्यामुळे वजा कुणी नाही.’ मामी दाराशी उभ्या होत्याच. त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि नानांना जेवायला वाढायला आत गेल्या.

पुढच्या दिवाळीनंतर पहिल्या रविवारी मी उठायच्या आत मामा माझ्या दारात हजर. मी मुद्दाम विचारलं, आता कुठल्या नात्यानं जायचं? मामा मागच्या सीटवर चढून बसले, धोतर सावरलं. ‘नाना कुठल्या नात्यानं आले होते?’ म्हणाले. मी किक मारली.

त्यानंतर आम्ही आणखी पाच वर्षं फिरलो. मग मामांच्यानं स्कूटरवर चढवेना, आणि एका हिवाळ्यात ते झोपेतच गेले. त्या वर्षीचा अहवाल कुणी लिहिला नाही. स्कूटरही मी कधीच विकली. पण दिवाळी झाली की पहिल्या रविवारी पहाटे माझी कंबर दुखायला लागते. दुखायला आता काही कारण उरलेलं नाही, तरी दुखते. बायको म्हणते, बाम लावू का? मी म्हणतो, राहू दे थोडा वेळ.