आठ दिवस दाबून ठेवलेलं लायसन्स

तुमच्या आजोबांना डोळ्यांमुळे गाडी चालवणं बंद करावं लागलं, तेव्हापासून आमची गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी होती. मागच्या वर्षी व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आम्ही सुट्टीत आलो की एअरपोर्टवर घ्यायला कोण येणार?" आजोबा म्हणाले, टॅक्सी करू. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मी येणार." बासष्ट वर्षांत मी कधी स्टेअरिंगला हात लावला नव्हता. पण तुम्ही दोघं ज्या आनंदाने ओरडलात, तसे माझ्यासाठी कधी ओरडला नव्हतात. ते सगळं नेहमी नानीच्या वाट्याला. सुट्टीत तुम्ही चार दिवस माझ्याकडे नीट राहता आणि मग भाईंदर पश्चिमेला नानीकडे पळता. तिच्याकडे चिंबोऱ्यांचं कालवण असतं, ओरडायला कुणी नसतं. मी तिथे अभ्यासाची वही पाठवते. मला ते दिसतं, बाळांनो. नेहमीच दिसत होतं.

तर मी ऑनलाइन कोर्स लावला. रस्त्यावरच्या खुणा, नियम, व्हिडिओ, सराव परीक्षा. ऑफिसात तीस वर्षं फायली लावलेल्या बाईने जसा अभ्यास करावा तसा मी केला. आज्ञा देणाऱ्या खुणा लाल शाईने, माहितीच्या निळ्या शाईने.

चौथ्या दिवशी नानी दारात. तिला तुमच्याकडूनच कळलं होतं.

"विहीणबाय, मना बी शिकवा. माजी पन जायची इच्छा हाय एअरपोर्टला."

नाही कसं म्हणणार? मुलाची सासू. ती रोज दुपारी रेल्वेचा पूल ओलांडून माझ्याकडे, पूर्वेला केबिन रोडच्या बाजूला, येऊ लागली. ती सातवी शिकलेली. मी मनात म्हणाले, हिला कुठे जमतंय. शिकाऊ लायसन्सचा अर्ज मीच भरला, तिला ईमेल नव्हता म्हणून ईमेल माझा दिला. ती काही लिहून घेत नसे. निसरड्या रस्त्याची खूण दाखवली तर म्हणाली, "ह्यो आमच्या मिठागराचा बांध. बापाच्या मागं चालताना मी अशीच घसराची." आणि स्वतःच हसली. उत्तर मात्र बरोबर.

परीक्षा घरूनच द्यायची होती. कॉम्प्युटरच्या कॅमेऱ्यासमोर एकटीने बसायचं, चेहरा सतत दिसला पाहिजे. एका सोमवारी दोघींनी द्यायचं ठरवलं. आधी ती बसली, मी दाराबाहेर. थोड्या वेळाने बाहेर आली.

"पास बोलतंय ओ!"

मग मी. मी परीक्षेसाठी इंग्रजी निवडलं होतं. पहिला प्रश्न सोडवला आणि सवयीने खाली वाकून वहीत त्याचा नंबर आणि उत्तर टिपलं. स्क्रीनवर आलं, चेहरा दिसत नाही. दुसऱ्या प्रश्नाला परत तेच. मला कळत होतं, तरी हात वहीकडे जातच होता. तिसऱ्यांदा परीक्षा बंद पडली. एकही उत्तर चुकलं नव्हतं.

"अवो, खाली कशाला बगता?" नानी म्हणाली. "मी तर भ्यानं डोला पन नाय मिटला. मना लिवाची सवयच न्हाय, बरं हाय!"

ती सहज बोलली होती. मला मात्र ते झोंबलं.

संध्याकाळी तिचं शिकाऊ लायसन्स माझ्या ईमेलवर आलं. फोटोत ती घाबरलेली, डोळे वटारलेले. मी ते पाहिलं आणि बंद केलं.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन. "आला काय ओ कागद? गाडीचा क्लासवाला बोलतो, कागदाबिगर सीटवर बसवनार नाय."

"नाही हो. सर्व्हर डाऊन आहे."

पेपरामागून आजोबा म्हणाले, "आपलं नेट तर चालू आहे."

"त्यांचं बंद आहे," मी म्हणाले.

ती रोज फोन करायची, मी रोज सर्व्हर बंद ठेवायची. मधल्या काळात मी पुन्हा परीक्षेला बसले. त्या वेळी वही शेजारच्या खोलीत ठेवली, पण घाईत उत्तरं चुकली. तिसऱ्या वेळी पास झाले. त्याच दुपारी झेरॉक्सच्या दुकानात जाऊन दोन्ही लायसन्सं छापून घेतली आणि तिला बोलावलं.

तिने चष्मा लावला, कागदावरून बोट फिरवलं.

"ही तारीख तर त्या सोमवारची हाय."

मी चहाचं आधण ठेवायला उठले.

"सर्वर," ती म्हणाली.

"हं."

तिने कागदाची घडी घातली. "माज्या पोरीला बगून गेलात तवा पन होकार आठ दिवस दाबून ठेवलेला तुमी. मी देव पान्यात घालून बसलेली. नि तुमचं पहिल्या दिवशीच ठरलेलं, जावयानं नंतर सांगितलं." मग चष्मा काढला. "चला, क्लासवाल्याकडं जाऊ. दोगींचं नाव एकदमच टाकू."

मी माफी मागितली नाही. मागायला हवी होती.

त्या रविवारी तुमचा कॉल आला तेव्हा ती माझ्याच सोफ्यावर होती. "आधी कुणाला मिळालं?" तुम्ही विचारलंत. मी म्हणाले, "दोघींना एकाच दिवशी." तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "हो रं, एकाच दिवशी," म्हणाली, आणि तुम्हाला जेवलात का ते विचारू लागली.

आता तिचं पक्कं लायसन्स आलं आहे. तिच्याकडच्या डोंगरीच्या रस्त्यावर ती वळणं अशी घेते, की मागे बसून माझा जीव जळतो. माझा क्लच अजून झटके देतो, मला पुन्हा चाचणी द्यायची आहे. तेव्हा एअरपोर्टवर गाडी नानी आणेल.

आणि तिला शिकाऊ लायसन्सही माझ्या आठ दिवस आधी मिळालं होतं. हे मी फोनवर न सांगता लिहून कळवते आहे, कारण फोनवर ती शेजारी असती, तर तिने मला पुन्हा सांभाळून घेतलं असतं. आणि तुम्हाला ती आणखीच आवडली असती.