कोळशाच्या सोळा रेघा

कार्डाचा कोपरा फाडलेला होता, म्हणून ते न वाचताच मी पायरीवर बसलो. गव्हाणहून यमुनेनं पाठवलं होतं. ‘बाबा सोमवारी गेले. तुम्हाला कळवावं असं आईला वाटलं.’ बस्स, एवढंच. यमुना जोमादादाची मुलगी, आता शाळेत शिकवते. आणि जोमादादा... गव्हाणच्या मिठागरात सगळा जन्म काढलेला माणूस. त्याचं नाव कुणी ऐकलेलं असण्याचं कारण नाही. त्यात माझाही वाटा आहे, म्हणून महिन्याभरानं का होईना, हे लिहायला बसलो आहे.

चौदा-पंधरा वर्षांपूर्वी मी मुंबईला वसतिगृहात राहून बी. एस्सी. ऑनर्स करत होतो. प्रबंध लिहायचा होता. घर पनवेलचं, म्हणून सरांनी मिठागराचाच विषय दिला. जिथे मासासुद्धा तगत नाही, अशा कडक खारट पाण्यात तांदळाच्या दाण्याएवढी तांबूस कोळंबी जगते. ती केव्हा दिसते, केव्हा नाहीशी होते, हे नोंदायचं. शनिवारी एस.टी.नं पनवेलला यायचं आणि रविवारी सकाळी सायकलीवरून गव्हाण गाठायचं, असा क्रम सुरू झाला. पहिला मसुदा मी इंग्रजीतले भारी शब्द शोधशोधून ऐटीत लिहिला. सरांनी तांबड्या पेन्सिलीनं पानंच्या पानं भरून टाकली. प्रत्येक ओळीपुढे तेच प्रश्न : कोणी पाहिलं? केव्हा? किती वेळा?

उत्तर कसं द्यायचं ते मला जोमादादानं शिकवलं. एकदा मी त्याला विचारलं, “ही कोळंबी येते कुठून? भरतीच्या पाण्यातून?” तो गुडघाभर पाण्यात उभा होता. तिथूनच म्हणाला, “मना ठावं नाय, भाऊ. आयलेली बगितली, येताना नाय बगितली. नाय बगितलं तं कसा सांगू?” ते वाक्य मी जवळजवळ तसंच इंग्रजीत उतरवलं. पुढच्या मसुद्यात सरांनी त्याच्यापुढे बरोबरची खूण केली. माझ्या प्रबंधातली ती पहिली खूण.

मग ऐन हंगामात रोज नोंद घ्यायची म्हणून मी पनवेलला राहायला येणार होतो, तोच मला वसतिगृहात कावीळ झाली. सोळा दिवस अंथरुणावर होतो. आता तक्ता अर्धाच राहणार म्हणून मी रडकुंडीला आलो होतो. बरा होऊन गव्हाणला गेलो, तर जोमादादानं मला हाताला धरून झोपडीत नेलं. कुडाच्या भिंतीवर कोळशानं सोळा रेघा ओढलेल्या होत्या. कोळंबी दाट दिसली त्या दिवशी जाड रेघ, विरळ असली तर बारीक. दिसली नाही तिथे आडवी. “तुजा अभ्यास बुडाया नको,” तो म्हणाला. त्याला अक्षरओळख नव्हती.

मी तो तक्ता उतरवून घेतला आणि खाली लिहिलं, ‘निरीक्षणे लेखकाने स्वतः केली.’ निरक्षर मजुराची निरीक्षणं म्हटली तर परीक्षक तक्ताच नाकारतील, ही भीती होती. तक्त्यात नाव नाही, मग आभारात घातलं तर प्रश्न निघतील, म्हणून तिथूनही गाळलं. प्रबंध उत्तम गुणांनी मंजूर झाला.

कार्बनची एक प्रत घेऊन मी त्याला दाखवायला गेलो. त्यानं हात धुतले, धोतराला पुसले आणि मगच प्रत घेतली. “यात माजं नाव कंचं?” मी आभाराचं पान काढलं आणि सरांच्या नावावर बोट ठेवलं. त्यानं त्यावरून बोट फिरवलं. “येवरं लांब? माजं नाव तं दोन अक्षरांचं.”

“इंग्रजीत तसंच लिहितात,” मी म्हणालो.

तो हसला. प्रत मी त्याच्याकडेच ठेवली. पुढे नोकरी लागली, जाणं कमी होत गेलं. दोन वर्षांपूर्वी शेवटचा भेटलो तेव्हा सांगून टाकायचं ठरवूनच गेलो होतो. पण तो सारखा खोकत होता. खोकल्याच्या औषधाचंच बोलून परतलो...

कार्ड आल्यावर गव्हाणला गेलो. यमुना ओटीवर बसली होती. मी काही बोलायच्या आतच ती म्हणाली, “काका, बाबांना ठाऊक होतं. मी शाळेत इंग्रजी वाचायला लागले तेव्हा त्यांनी मला ते आभाराचं पान वाचायला सांगितलं. दोनदा वाचून घेतलं.”

“काय म्हणाला?”

तिनं मान खाली घातली. “म्हणाले, ‘तेला सांगू नको. लाजंल बिचारा.’ ”

मला तिथं बसवेना. ती सोळा दिवसांची निरीक्षणं गव्हाणच्या जोमाची आहेत. हे आता छापून येईल. त्याच्या हयातीत, त्याच्या कानावर पडेल असं हे एक वाक्य मला लिहिता आलं नाही.

निघताना वहिनी आतून फडक्यात बांधलेलं मीठ घेऊन आल्या. “तेनी काडलेलं हाय, यंदाचं,” एवढंच म्हणाल्या. ते मीठ आमच्या घरी बरणीत आहे. स्वयंपाकाला अजून कुणी घेतलेलं नाही. पावसाळी हवेत त्याला सारखं पाणी सुटतं. ऊन पडलं की मी ते ताटात पसरून गच्चीवर ठेवतो, आणि वाळेपर्यंत शेजारी बसून राहतो.